कापूस, कोट आणि वडाचे झाड

मुंबईच्या फोर्ट विभागात येणाऱ्या माणसाला कोट कोठेच दिसत नाही. नाव उरले आहे, वस्तू उरलेली नाही. चर्चगेट हे एका गजबजलेल्या रेल्वेस्थानकाचे नाव आहे, पण तेथे वेस नाही. कॉटन ग्रीन या नावाचे स्थानक हार्बर मार्गावर आहे, पण ज्या हिरवळीवरून ते नाव आले ती तेथून काही मैल दक्षिणेला होती. नरिमन पॉइंट ही समुद्र हटवून मिळवलेली जमीन आहे. आणि ती ज्यांच्या नावाने ओळखली जाते, त्यांची कीर्ती समुद्र हटवण्याच्याच एका सरकारी योजनेची लक्तरे वेशीवर टांगण्यातून झाली. देशाच्या पैशाचा व्यवहार जेथे दीडशेहून अधिक वर्षे चालत आला, त्या या चिंचोळ्या टापूतील बहुतेक नावे अशी आपल्या मूळ अर्थापासून सुटून आलेली आहेत. त्या नावांचा माग काढू लागले की एक गोष्ट ध्यानात येते. पैशाची ही पेठ कोणी एका आराखड्याने वसवली नाही. भीती, आग, परक्या देशातील युद्ध आणि एका प्रचंड दिवाळखोरीने ती घडवली आहे.

१

मुंबई बेट इंग्लंडच्या राजाकडे आले ते १६६१ च्या विवाहकरारातील आंदण म्हणून. पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन हिचा दुसऱ्या चार्ल्सशी विवाह ठरला आणि त्यात हे बेट गेले. राजाला त्याचे फारसे अप्रूप वाटले नाही. १६६८ मध्ये त्याने ते वर्षाला दहा पौंड एवढ्या खंडाने ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केले. ज्या भूमीच्या चौरस फुटाचा भाव पुढे जगातील महागड्या शहरांच्या पंक्तीत बसला, तिच्या इतिहासातील हा पहिला महत्त्वाचा सौदा होय.

गावे आणि शहरे अशी पैशाने हात बदलत होती, हे त्या काळाला धरूनच होते. मराठी वाचकाला याच सुमाराचे दुसरे उदाहरण आठवावे. शहाजीराजांची जहागीर असलेले बंगळूर त्यांच्यामागे व्यंकोजीराजांकडे आले. तंजावरला राज्य स्थिरावल्यावर दूरचे बंगळूर सांभाळणे व्यंकोजींना जड जाऊ लागले, तेव्हा ते म्हैसूरच्या चिक्क देवराज वोडेयराला तीन लाख रुपयांना देण्याची बोलणी सुरू झाली. व्यवहार पुरा होण्यापूर्वीच १६८७ मध्ये मोगलांच्या कासिमखानाने शहर घेतले, आणि त्याच रकमेच्या आसपास ते वोडेयराच्या पदरात पडले. पुढे याच घराण्यातील राजांचे नाव धारण करणारे कृष्णराजपुरम, म्हणजे के. आर. पुरम, त्या शहराच्या पूर्वेला नांदू लागले. दोन दशकांच्या अंतराने झालेल्या या दोन सौद्यांतून पुढे देशाच्या अर्थव्यवहारातील दोन मोठी शहरे उभी राहिली. सौदा करणाऱ्यांपैकी कोणालाही त्याची कल्पना नव्हती.

कंपनीला मुंबईत एक जुना वाडाही मिळाला. सोळाव्या शतकात हे बेट पोर्तुगीज राजवटीकडून गार्सिया द ओर्ता या वैद्याने खंडाने घेतले होते. भारतीय वनौषधींवरील त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला आणि त्याची गणना भारतात छापल्या गेलेल्या आद्य ग्रंथांत होते. हा विद्वान मूळचा ज्यू कुळातील. त्याच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी, १५८० मध्ये, धर्मसमीक्षण संस्थेच्या आज्ञेने त्याच्या अस्थी उकरून जाळण्यात आल्या. त्याच्या वाड्याभोवती तटबंदी चढत गेली आणि मुंबईचा किल्ला झाला. टाऊन हॉलच्या पाठीमागे, नौदलाच्या आवारात, त्याचे अवशेष आहेत. अर्थकेंद्राचे बीज असे एका वैद्याच्या घरात आणि त्याच्या बागेत सापडते.

किल्ल्याबाहेर वस्ती वाढली तेव्हा १७१५ च्या सुमारास गव्हर्नर चार्ल्स बून याने सगळ्या गावाभोवती कोट घालण्याचे काम हाती घेतले. या कोटाला तीन मोठे दरवाजे होते: दक्षिणेस अपोलो, पश्चिमेस चर्चगेट आणि उत्तरेस बझारगेट. चर्चगेटचे नाव १७१८ मध्ये उपासनेसाठी खुल्या झालेल्या सेंट थॉमस चर्चवरून पडले.

कोट होता, पण त्याला खंदक नव्हता. तो खणण्यास कारण झाले मराठे. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि पोर्तुगिजांचा उत्तरेकडील बलाढ्य आधार नाहीसा झाला. मुंबईच्या इंग्रजांचे धाबे दणाणले. त्यांनी एकीकडे वसईला आणि साताऱ्याला वकील धाडले, तर दुसरीकडे कोटाभोवती खंदक खणायचे ठरवले. या कामासाठी गावातील देशी व्यापाऱ्यांनी तीस हजार रुपयांची वर्गणी जमवून दिली. मराठ्यांनी मुंबईवर चाल केली नाही. तरीही वसईच्या विजयाची एक खूण मुंबईच्या नकाशावर सव्वाशे वर्षे कायम राहिली. व्यापाऱ्याने आपल्या तिजोरीच्या रक्षणासाठी स्वतःच्या खिशातून पैसा काढला, हा या टापूच्या इतिहासातील ध्यानात ठेवण्याजोगा प्रसंग आहे. येथे भांडवल आणि भीती पहिल्यापासून एकमेकांच्या शेजारी राहत आली.

कोटाच्या आत दाटी वाढत गेली. १८०३ च्या फेब्रुवारीत लागलेल्या आगीने कोटातील देशी वस्तीचा मोठा भाग भस्मसात केला. त्यानंतर अनेक कुटुंबे कोटाबाहेर सरकली, आणि काळबादेवी, गिरगाव, भुलेश्वर या बाजूची वस्ती घट्ट होत गेली. मराठी मुंबईकराचे जग प्रामुख्याने या बाहेरच्या वस्तीत होते. कोटात तो कामासाठी जाई आणि दिवस मावळता परत येई.

२

कोटाच्या मधोमध एक मोकळे मैदान होते. इंग्रज त्याला बॉम्बे ग्रीन म्हणत. हिरवळ हे नाव खरे असले तरी वर्षाचे बरेच महिने तेथे कापसाच्या गाठींचे ढीग पडलेले असत. गुजरात आणि वऱ्हाडातून आलेला कापूस तेथे तोलला जाई, दाबला जाई, आणि बंदरातून बाहेर पडे. धूळ, उडणारा कापूस आणि गाड्यांची गर्दी यांना कंटाळून सरकारने १८४४ मध्ये हा बाजार कुलाब्याला हलवला. विसाव्या शतकात तो पुन्हा उठून शिवडी-माझगावच्या बाजूला गेला. दर वेळी बाजाराबरोबर ‘कॉटन ग्रीन’ हे नावही गेले. ज्या स्थानकावर आज हे नाव झळकते तेथे मूळची हिरवळ कधीच नव्हती. ती फक्त नावाची हिरवळ आहे.

या मैदानावर लॉर्ड कॉर्नवॉलिसचा पुतळा एका छत्रीखाली उभा होता. गव्हर्नर जनरलच्या या पुतळ्यापुढे काही लोक फुले वाहत, हात जोडत. सरकारला याची काळजी वाटून त्याने लोकांना परोपरीने समजावले. पण समजावणीचा अर्थही काहींनी असा घेतला की, देव फारच मोठा असावा, म्हणून तर त्याच्या पूजेस मनाई आहे. ही कथा जुन्या वर्णनांतून आढळते. पुढे १९६५ मध्ये शहरातील परकीय सत्ताधाऱ्यांचे अनेक पुतळे हलवले गेले, आणि हा देवही भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात जाऊन बसला.

मैदानाच्या पूर्वेला टाऊन हॉल आहे. कर्नल टॉमस कूपर याने आखलेली ही इमारत १८३३ मध्ये पुरी झाली. तिच्या बांधकामासाठी पैसा उभा करताना सोडत काढण्यात आली होती. विद्येच्या मंदिराचा पाया असा नशिबाच्या खेळावर घातला गेला. १८०४ मध्ये स्थापन झालेली लिटररी सोसायटी, म्हणजे आजची एशियाटिक सोसायटी, येथे राहावयास आली. तिच्या दालनांत ज्यांचे पुतळे आहेत त्यांत जगन्नाथ शंकरशेट यांचाही समावेश आहे.

या टाऊन हॉलसमोर एक वड होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला बँकांचे आणि कंपन्यांचे भाग विकणारे दलाल त्या वडाच्या सावलीत जमू लागले. त्यांना ना कार्यालय होते, ना नियम, ना दप्तर. शब्द दिला की व्यवहार पुरा झाला. ‘दलाल’ हा शब्द मूळचा अरबी. दोघांना जोडून देणारा मध्यस्थ हा त्याचा साधा अर्थ. मराठीत तो केव्हाचा रुळला होता आणि त्याला पुढे आलेली तुच्छतेची छटा सर्वत्र नव्हती. १८६० च्या सुमारास या दलालांची संख्या साठेक होती. पाच वर्षांत ती दोनशे ते अडीचशेवर गेली. या पाच वर्षांतच सारे काही घडले.

३

१८६१ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत यादवी युद्धाला तोंड फुटले. उत्तरेकडील संस्थानांच्या आरमाराने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना जाणारा अमेरिकेचा कापूस आटला. मँचेस्टरचे मजूर उपाशी पडू लागले, त्याच वेळी मुंबईत सोन्याचा पाऊस सुरू झाला. लिव्हरपूलच्या बाजारात हिंदी कापसाचा भाव कित्येक पटींनी चढला. युद्धाच्या या वर्षांत मुंबईला नेहमीच्या उत्पन्नाखेरीज सात ते आठ कोटी पौंड अधिक मिळाले, असा अंदाज केला जातो. लोकांनी घरच्या गाद्या-उशा उसवून त्यांतील जुना कापूसही विकला, अशा आठवणी मागे राहिल्या आहेत.

एवढा पैसा ठेवायचा कोठे, हा प्रश्न होता. शेतीत तो जिरणारा नव्हता, गिरण्या मोजक्याच होत्या. तेव्हा पैशाने पैसाच विकत घ्यायला सुरुवात केली. १८६५ च्या आरंभी मुंबईत ३१ बँका, १६ वित्तसंस्था, ८ जमीन कंपन्या आणि २० विमा कंपन्या होत्या. त्यांपैकी अनेकांची मालमत्ता म्हणजे एखादी भाड्याची खोली आणि छापील पत्रक एवढीच होती. सर्वांत मोठी मोहिनी बॅक बे रेक्लमेशन कंपनीची पडली. पश्चिमेकडील उथळ समुद्र भरून जमीन काढायची, असा तिचा उद्देश. तिच्या पाच हजार रुपये भरलेल्या भागाला बाजारात पन्नास हजारांपर्यंत भाव आला. ज्या जमिनीवर अजून भरतीचे पाणी येत होते, तिची किंमत अशी ठरत होती.

या सगळ्याच्या केंद्रस्थानी प्रेमचंद रायचंद हे नाव होते. सुरतेच्या जैन कुटुंबात १८३१ मध्ये जन्मलेला हा तरुण दलाल उत्तम इंग्रजी जाणत असे, आणि दलालांमध्ये हे कौशल्य तेव्हा दुर्मीळ होते. कोणत्या कंपनीचे भाग कोणाला मिळावेत, हे त्याच्या शब्दावर ठरू लागले. १८४० मध्ये स्थापन झालेली, सरकारचे भांडवल आणि सरकारचे संचालक असलेली बँक ऑफ बाँबेसुद्धा त्याच्या सांगण्यावरून कर्जे देऊ लागली. तारण काय, तर त्याच कंपन्यांचे भाग. भाव चढला की तारण वाढे, तारण वाढले की कर्ज वाढे, आणि कर्ज वाढले की भाव आणखी चढे. हे चक्र फिरत आहे तोवर कोणीच गरीब नव्हते.

त्यात भर पडली मुदतीच्या सौद्यांची. आज ठरवलेल्या भावाने काही महिन्यांनंतर भाग घ्यायचे किंवा द्यायचे, असा हा करार. घेणाऱ्याजवळ पैसे नसत आणि देणाऱ्याजवळ भाग नसत. दोघांचीही भिस्त मधल्या काळात भाव कोणीकडे जाईल यावर असे. अशा असंख्य सौद्यांची मुदत एकाच दिवसावर येऊन ठेपली होती: १ जुलै १८६५.

९ एप्रिल १८६५ रोजी जनरल ली याने शरणागती पत्करली. अमेरिकेतील युद्ध संपले आणि तेथील कापूस पुन्हा बाजारात येणार हे स्पष्ट झाले. शांततेची वार्ता जगाला सुखावणारी होती. मुंबईला ती मृत्युपत्रासारखी आली. कापसाचे भाव कोसळले, पाठोपाठ कंपन्यांचे भाग कोसळले. १ जुलैला सौदे पुरे करण्यास कोणापाशीच पैसा नव्हता. एकाने हात वर केले की त्याच्यावर विसंबलेले दहाजण बुडत. दिवाळखोरीची प्रकरणे इतकी साचली की ती निकालात काढण्यासाठी सरकारला १८६५ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. बँक ऑफ बाँबेने कसाबसा काळ काढला, पण १८६८ मध्ये तिचे दिवाळे निघाले आणि त्याच नावाची नवी बँक स्थापावी लागली. ही दुसरी बँक १९२१ मध्ये इंपीरियल बँकेत विलीन झाली, आणि तीतून १९५५ मध्ये स्टेट बँक निर्माण झाली. आजच्या या अवाढव्य संस्थेच्या वंशावळीत असे एक दिवाळेही आहे.

या वादळात सापडलेल्यांची नावे पाहिली म्हणजे त्याची व्याप्ती कळते. जमशेटजी टाटांच्या घराण्याची पेढी त्यात होरपळली. जमशेटजी त्या वेळी विलायतेत होते आणि त्यांना धनकोंना तोंड द्यावे लागले. कुष्ठरोगावर औषध शोधणारे, शिलालेख वाचणारे विद्वान डॉ. भाऊ दाजी लाड यांचीही मिळकत यात गेली. इंग्रज अधिकारी, पारशी शेठ, भाटिया, ब्राह्मण, वकील आणि कारकून यांपैकी कोणीही या ज्वरापासून दूर नव्हता. सामान्य माणसाची हानी आकड्यांत उतरली नाही. पण शिरगणतीत तिची सावली दिसते. १८६४ च्या मोजणीत मुंबईची लोकसंख्या ८,१६,५६२ होती, १८७२ मध्ये ती ६,४४,४०५ भरली. कापसाच्या ओढीने आलेले सुमारे पावणेदोन लाख लोक आठ वर्षांत शहरातून नाहीसे झाले होते.

मराठी वाङ्मयाच्या इतिहासातही हे वर्ष खूण करून गेले आहे. गोविंद नारायण माडगांवकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ मध्ये, म्हणजे भरती ऐन जोरात असताना, प्रसिद्ध झाले. शहरावरील मराठीतील हा पहिला मोठा ग्रंथ. त्यात कोट आहे, बाजार आहेत, वस्त्या आहेत. १८६५ मध्ये माडगांवकर निवर्तले. त्याच वर्षी, काळ्या दिवसानंतर महिनाभराने, ३१ जुलैला नाना शंकरशेटही गेले. मुंबईच्या एका युगाचा वर्णनकार आणि कर्ता पुरुष त्या युगाबरोबरच अस्तास गेले.

४

लाट ओसरली तेव्हा किनाऱ्यावर काय उरले? आश्चर्याची गोष्ट अशी की पुष्कळ काही उरले.

गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर याने १८६२ नंतर कोट पाडण्याचा निर्णय अमलात आणला. मराठ्यांच्या धास्तीने खणलेला खंदक बुजवला गेला. मोकळ्या झालेल्या जमिनीचे तुकडे विकून आलेल्या पैशातून सार्वजनिक इमारतींची रांग उभी करण्याचे ठरले. पोलीस अधिकारी चार्ल्स फोर्जेट याच्या कल्पनेने जुन्या हिरवळीचे, जी तोवर उकिरडा झाली होती, वर्तुळाकार उद्यान झाले आणि भोवती एकसारख्या कमानींच्या इमारती उठल्या. हेच एल्फिन्स्टन सर्कल. स्वातंत्र्यानंतर त्याला बेंजामिन हॉर्निमन यांचे नाव मिळाले. ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक असलेल्या या इंग्रज गृहस्थाला भारतीयांची बाजू घेतल्याबद्दल १९१९ मध्ये सरकारने हद्दपार केले होते. गव्हर्नरचे नाव जाऊन त्याच्या सरकारने हाकललेल्या पत्रकाराचे नाव लागणे, हाही या टापूतील एक उलटा सौदाच.

प्रेमचंद रायचंदांनी १८६४ मध्ये, वैभवाच्या शिखरावर असताना, मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि घड्याळाच्या मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख रुपये दिले. मनोऱ्याला त्यांच्या आईचे, राजाबाईंचे, नाव द्यावे एवढीच अट होती. सर गिल्बर्ट स्कॉट यांनी मुंबईत पाऊलही न टाकता त्याचे आराखडे केले. १८७८ मध्ये मनोरा पुरा झाला तेव्हा दात्याची पहिली संपत्ती केव्हाच लयास गेली होती. कलकत्ता विद्यापीठालाही त्यांनी दिलेल्या देणगीतून प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती सुरू झाली आणि पिढ्यान् पिढ्या बंगाली विद्वानांना तिने हात दिला. भाग बुडाले, दान टिकले. ते स्वतः पुन्हा व्यवहारात उभे राहिले आणि १९०६ मध्ये निवर्तले.

दलालांचे काय झाले? सावली बदलत, पोलिसांच्या हाकलण्यातून वाट काढत ते एका वडाखालून दुसऱ्या वडाखाली गेले. रस्त्यावर गर्दी करतात म्हणून त्यांना उठवले जाई. १८७४ मध्ये त्यांना एका गल्लीत स्थिर जागा मिळाली, आणि त्यांच्यामुळे त्या गल्लीचेच नाव दलाल स्ट्रीट पडले. ९ जुलै १८७५ रोजी ३१८ जणांनी प्रत्येकी एक रुपया प्रवेशशुल्क देऊन ‘नेटिव्ह शेअर अँड स्टॉक ब्रोकर्स असोसिएशन’ स्थापन केली. आशियातील सर्वांत जुन्या शेअर बाजाराचा हा जन्म. दहा वर्षांपूर्वी ज्या धंद्याने शहर बुडवले, त्याच धंद्याच्या लोकांनी आपल्यावर आपणच नियम घालून घ्यावेत यासाठी ही संस्था काढली, हे तिचे खरे महत्त्व. अनुभवाचे मोल पूर्वी कोट्यवधींनी मोजले गेले होते. सभासदत्वाचे मोल म्हणूनच एक रुपया पुरला असावा.

५

या टापूची जमीनदेखील उसनी आहे. बॅलार्ड इस्टेट हा भाग पहिल्या महायुद्धाच्या वर्षांत उभा राहिला तो अलेक्झांड्रा गोदी खणताना निघालेल्या मातीवर. त्याचा वास्तुकार जॉर्ज विटेट. १८६५ मध्ये बुडालेले बॅक बेचे स्वप्न १९२० च्या दशकात सरकारने पुन्हा हाती घेतले. १,१४५ एकर जमीन काढण्याचा बेत होता. सुमारे ४४० एकरांवर काम थांबले. या कामातील उधळपट्टी खुर्शेद फ्रामजी नरिमन यांनी चव्हाट्यावर आणली. हार्वे नावाच्या अधिकाऱ्याने त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला, आणि नरिमन निर्दोष ठरले. पुढे त्याच उपसागरात भर घालून उंच कार्यालयांची वसाहत झाली, तिला त्यांचेच नाव देण्यात आले.

युद्ध, कापूस आणि सोने यांची गाठ या किनाऱ्यावर आणखी एकदा पडली. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज उभे होते. जहाजाच्या नावातही फोर्ट होता. त्यात सुमारे १,४०० टन स्फोटके, कापसाच्या हजारो गाठी आणि सोन्याच्या विटा एकत्र भरलेल्या होत्या. कापसाने पेट घेतला आणि दुपारी चारच्या सुमारास दोन प्रचंड स्फोट झाले. शेकडो माणसे मेली, हजारो बेघर झाली. सोन्याची एक वीट दूरवरच्या एका घराचे छप्पर फोडून आत पडली. गोदीतील गाळ उपसताना त्यानंतर कित्येक दशके मधूनमधून सोने सापडत राहिले. मेलेल्यांत गोदीकामगार आणि आग विझवायला गेलेले जवानही होते. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळला जातो.

१२ मार्च १९९३ रोजी शहरभर झालेल्या बाँबस्फोटांच्या मालिकेतील पहिला स्फोट शेअर बाजाराच्या मनोऱ्याच्या तळाशी झाला. मरणाऱ्यांत रस्त्यावरचे फेरीवाले, जेवणाच्या सुट्टीत खाली आलेले कारकून आणि वाटसरूही होते. पैशाच्या पेठेवरील घाव बहुधा पैसेवाल्यांच्या अंगावर उतरत नाही, हे तेव्हाही दिसले.

६

चर्चगेट हा दरवाजा जेथे होता, तेथेच १८६४ मध्ये फ्लोरा फाउंटन हे कारंजे बसवण्यात आले. खरे पाहता ते भायखळ्याच्या राणीच्या बागेसाठी तयार करवले होते. पण ते या जागी आले. वेशीच्या जागी फुलांची रोमन देवता उभी राहिली. कोटाचे दार गेले. पण आत कोणाची सत्ता आणि बाहेर कोणाची वस्ती, हा प्रश्न दाराबरोबर गेला नाही.

तो प्रश्न नव्वद वर्षांनी त्याच जागी उभा ठाकला. राज्य पुनर्रचनेच्या वादात मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवावी, असे मत मांडणाऱ्यांत कोटातील व्यापारी आणि उद्योगपती यांचा आवाज मोठा होता. हे शहर आमच्या भांडवलाने उभे राहिले, असा त्यांचा युक्तिवाद. त्याला उत्तर द्यायला गिरणगावातून माणसे आली. कोकणातून, घाटावरून आलेली, कापूस पिंजून सूत कातणारी ही माणसे. मुंबईची पहिली कापडगिरणी १८५४ मध्ये निघाल्यापासून त्यांच्या तीन पिढ्या शहराने वापरल्या होत्या. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनपाशी मोर्चावर गोळीबार झाला, पंधरा माणसे बळी पडली. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शंभराहून अधिक जणांनी प्राण दिले. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य झाले. त्या चौकाला हुतात्मा चौक हे नाव मिळाले, आणि मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार यांचे स्मारक तेथे उभारले गेले.

या स्मारकाच्या जागेचा विचार करावा. १७३९ नंतर ज्या दारापुढे मराठ्यांना अडवण्यासाठी खंदक खणला, त्याच ठिकाणी मराठी शेतकरी आणि कामगार दगडातून, धातूतून उभे आहेत. एकाने कापूस पिकवला, दुसऱ्याने तो कातला. मधल्या दलालीचा हिशोब दलाल स्ट्रीटच्या दप्तरात सापडतो; या दोघांचा हिशोब तेथे नाही.

गेल्या काही दशकांत पैशाने पुन्हा मुक्काम हलवला आहे. १९९२ मध्ये स्थापन झालेला राष्ट्रीय शेअर बाजार आज मिठी नदीच्या काठच्या दलदलीवर वसवलेल्या वांद्रे-कुर्ला संकुलात आहे, आणि तेथेच मोठमोठ्या बँकांनी घरे केली आहेत. दलाल स्ट्रीटवरील हाका आणि हातांच्या खुणा १९९५ मध्ये संगणकाच्या पडद्याने थांबवल्या. दूर बंगळूरात, के. आर. पुरमच्या पलीकडे, १८८२ च्या सुमारास अँग्लो-इंडियन कुटुंबांची शेतीची वसाहत म्हणून सुरू झालेल्या व्हाइटफील्डच्या शेतांवर संगणक कंपन्यांचे काचेचे मनोरे उभे आहेत. जगभरच्या बँकांचे हिशोब तेथे बसून लिहिले जातात. त्या वसाहतीची मूळ हकीकत तेथे रोज जाणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल, जशी चर्चगेटला उतरणाऱ्याला वेस ठाऊक नसते.

पैशाची पेठ जागा बदलते, कारण तिला जागेचे ममत्व नसते. ती जाते तेव्हा मागे काय ठेवते, यावरून तिची परीक्षा करावी. कोटातील भरतीने ग्रंथालय, मनोरा, उद्यान आणि नियमाने चालणारा बाजार मागे ठेवला. तिच्या ओहोटीने पावणेदोन लाख माणसे विस्थापित केली, त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. हुतात्मा चौकातील स्मारक हे या टापूतील असे दुर्मीळ ठिकाण आहे, जेथे त्या निनावी माणसांना चेहरा मिळाला आहे. संध्याकाळी कार्यालये सुटतात आणि गर्दी त्या मशालीच्या बाजूने स्थानकाकडे वाहू लागते. कोटाचे दार एके काळी याच वेळी मिटत असे.